माणसे टिकतात कशाने?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात एका शिक्षकाने चार शब्द बोलावेत असा आपल्याकडे प्रघात आहे. यंदा ती पाळी मजवर आली. 'विद्यार्थ्यांनी अभ्यास कसा करावा' या विषयावर बोलावे अशी सूचना होती. परंतु त्या विषयावर मागील चार मेळाव्यांत चार भाषणे झाली असून ती स्मरणिकेत छापूनही आली आहेत. म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. आपल्या शाळेत, आपल्या दुकानात, होडीवर, आंब्याच्या बागेत कामाला आलेली माणसे कशाने टिकतात आणि कशाने जातात, यावर मी बोलणार आहे. हा विषय कारखानदारांचा आहे, पालकांचा त्याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तो संबंध प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी दहावीला विज्ञान शिकवणारे आमचे सहकारी दिवाळीच्या सुट्टीला गावी गेले ते परत आले नाहीत. टपालाने राजीनामा आला. त्यांच्या जागी माणूस मिळेपर्यंत जानेवारी उजाडला. मधल्या काळात त्या तासांना आम्ही आळीपाळीने वर्गावर जात होतो. मी बी. ए. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. अपवर्तनाचा धडा मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांनी तो ऐकून घेतला, यापलीकडे त्या तासात काही घडले नाही. एका मुलीने मला विचारले, "सर, भिंगाची आकृती फळ्यावर काढून दाखवाल का?" मी म्हणालो, "पुस्तकात बघ." ती मुलगी आज येथे बसली आहे. तिला विज्ञानात मिळाले त्यापेक्षा जास्त गुण मिळायला हवे होते, आणि जे कमी पडले त्यात तिचा दोष नाही हे मी येथे सर्वांसमक्ष सांगतो.

ते सर पगारासाठी गेले असा आपल्या गावात समज आहे. मी त्यांना नंतर फोन केला. नव्या जागी त्यांना येथल्यापेक्षा जेमतेम दीड हजार रुपये अधिक मिळतात, आणि खोलीभाडे धरले तर तेवढेही नाही. मग गेलात कशाला, असे मी विचारले. ते म्हणाले, "दोन वर्षांत मला कोणी जेवलात का म्हणून विचारले नाही." हे वाक्य ऐकून मला राग आला होता. मोठ्या माणसाने असे लहान मुलासारखे बोलावे का? मागून विचार केला तेव्हा वाटले की त्यांनी खरे तेच सांगितले, फक्त ते फार थोडक्यात सांगितले.

माणूस कामावर टिकावा म्हणून पगारापलीकडे काही करावे लागते, हा शोध आजचा नाही आणि तो विलायतेतून आलेला आहे असेही नाही. आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरला, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे तिच्याविषयी दोन शब्द अधिक बोललो तर क्षमा असावी. कापसाचा मुलूख जवळ, कोळसा जवळ, रेल्वे आलेली, म्हणून मुंबई सोडून त्यांनी नागपूर निवडले. यंत्रे आली, इमारत उभी राहिली, पण माणसे कामावर येईनात. म्हणजे येत, पण मनाला येईल तेव्हा येत. शेतीची कामे निघाली की जात, लग्नसराईत जात, सणाला गेलेला माणूस आठ-आठ दिवस परतत नसे. त्या काळच्या इतर गिरणीमालकांना यावर एकच औषध ठाऊक होते, ते म्हणजे दंड आणि मुकादमाची शिवी. टाटांनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी निराळा मार्ग धरला. हे बेझनजी गिरणीतले नव्हेत, रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कदाचित म्हणूनच त्यांना गिरणीतल्या जुन्या खोडी ठाऊक नसाव्यात, असे मला आपले वाटते.

त्यांनी गिरणीत हवा खेळती राहील आणि दमटपणा योग्य राहील अशी सोय केली. नेमाने येणाऱ्यांना बक्षिसे ठेवली. कामगारांनी बायकामुलांसह यावे असे खेळांचे आणि बक्षीस समारंभाचे दिवस साजरे केले. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा फंड काढला आणि १८९५ पासून अपघात झालेल्या कामगाराला भरपाई देण्यास सुरुवात केली. यातले काहीही त्या वेळी कायद्याने बंधनकारक नव्हते. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात हाच धडा गिरवला गेला. तेथे १९१२ साली आठ तासांचा दिवस आला आणि १९२० साली भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. भविष्यनिर्वाह निधीचा देशव्यापी कायदा त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९५२ साली झाला.

टाटा हे काही धर्मादाय म्हणून करत नव्हते, हे मला विशेष सांगावयाचे आहे. शिकवून तयार केलेला कामगार निघून जाणे म्हणजे नुकसान, हा त्यांचा हिशेब होता. चांगुलपणा आणि हिशेब एकाच माणसाच्या ठायी असू शकतात. ती एम्प्रेस मिल आज नाही. १९८६ साली ती टाटांकडून राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. पण तिने दाखवलेली वाट आता कोणत्याही नोकरीच्या कागदावर फंड, ग्रॅच्युइटी, रजा अशा रूपात दिसते.

आता दुसरे उदाहरण, आणि ते इशाऱ्याचे आहे. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यात १९१३ साली सुमारे चौदा हजार माणसांचे काम चालू ठेवण्यासाठी वर्षभरात बावन्न हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली. इतकी माणसे येत आणि सोडून जात. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाचा मोबदला पाच डॉलर, म्हणजे जवळजवळ दुप्पट केला आणि कामाचे तास नऊवरून आठवर आणले. माणसे टिकली. परंतु त्या पाच डॉलरांना एक शेपूट होते. कारखान्याचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, नवरा दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का, घरात भाडेकरू ठेवले आहेत का, हे सारे ते नोंदवून ठेवत आणि त्यावर पूर्ण पैसे द्यायचे की नाही ते ठरे. लोकांनी पैसे घेतले, पण या चौकश्यांचा त्यांना तिटकारा आला. काही वर्षांनी फोर्डलाही ते खाते आवरते घ्यावे लागले.

हा इशारा आपल्यासाठी आहे, कारण मदत करताना चौकश्या करण्याची सवय आपल्यालाही आहे. आपण एखाद्याला शंभर रुपये दिले की त्याच्या घरात कोणती भाजी शिजते हे विचारण्याचा हक्क आपल्याला मिळाला असे समजतो. येथे कोणी रागावू नये. मीही त्यातलाच आहे.

तिसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि ते मला सर्वांत जवळचे वाटते. त्याच अमेरिकेत, मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्स नावाच्या शहरात कॅस्केड इंजिनिअरिंग हा प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. १९९० च्या दशकात तेथल्या मालकांनी ठरवले की सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरीब लोकांना आपण काम द्यायचे. हेतू उत्तम. कामावर आणण्यासाठी गाडीचीही सोय केली. थोड्या आठवड्यांत जवळजवळ सगळी माणसे गळाली. दुसऱ्यांदा निराळ्या रीतीने प्रयत्न केला, तोही फसला. आपल्याकडे असे झाले असते तर आपण काय म्हटले असते? "यांना फुकटचे खायची सवय लागली आहे, यांच्यासाठी काही करण्यात अर्थ नाही." होय ना? त्या मालकाने तसे म्हटले नाही. माणसे का गेली ते त्याने शोधले. कोणाचे मूल आजारी पडले आणि सांभाळायला कोणी नव्हते. कोणाची जुनी मोटार बंद पडली. कोणाला घरमालकाने बाहेर काढले. म्हणजे काम नको म्हणून कोणी गेले नव्हते. घरची एक अडचण उभी राहिली, एक दिवस खाडा झाला, दुसऱ्या दिवशी मुकादमाने झापले, आणि तिसऱ्या दिवशी तोंड दाखवण्याची हिंमत झाली नाही, अशी ती साखळी होती.

तेव्हा तिसऱ्या वेळी त्यांनी सरकारच्या समाजकल्याण खात्याचा एक अधिकारी कारखान्यातच बसवला. अडचण आली की कामगाराने त्याच्याकडे जायचे, अर्ध्या दिवसाची रजा टाकून कचेरीत रांग लावायची नाही. पाळणाघर, गाडीची दुरुस्ती, घरभाडे, जी सरकारी किंवा गावातली सोय असेल तिच्याशी त्याने गाठ घालून द्यायची. दुसरे असे की, त्यांनी मुकादमांना आणि अधिकाऱ्यांना शिकवले. हातातोंडाशी गाठ असलेल्या माणसाचे घर कसे चालते, तो उशिरा का येतो आणि खोटे कारण का सांगतो, हे समजावून दिले. यानंतर माणसे टिकू लागली. पुढे २००३ साली त्याच शहरात अनेक छोट्यामोठ्या कारखान्यांनी मिळून 'द सोर्स' नावाची संस्था उभी केली. एकेकट्या छोट्या कारखान्याला असा माणूस ठेवणे परवडत नाही, म्हणून सर्वांनी मिळून खर्च वाटून घेतला. यावर मी शेवटी येतो.

आता थोडे स्वतःविषयी. मी लातूर जिल्ह्यातला, म्हणजे आपल्या भाषेत घाटावरचा. येथे येण्यापूर्वी मी एका दुसऱ्या शहरात एका संस्थेच्या शाळेत शिक्षणसेवक होतो. त्या काळी माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना आठ हजार रुपये मानधन असे. २०२३ पासून ते अठरा हजार झाले, हे चांगले झाले. पण त्या शाळेत मी मानधन कमी म्हणून सोडले नाही. माझ्या पत्नीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी चार दिवसांची रजा मागितली. उत्तर मिळाले, "बाळंतपण तुमचे आहे का?" शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. मीही हसलो. रजा मिळाली, दोन दिवसांची. पण त्या हसण्याच्या दिवशीच मी मनाने ती शाळा सोडली होती. अंगाने सोडायला आणखी दीड वर्ष लागले, इतकेच. त्या दीड वर्षात मी किती मन लावून शिकवले असेल, ते पालकांनीच ताडावे. राजीनाम्याची तारीख आणि माणूस गेल्याची तारीख एक नसते.

आपल्या शाळेत आलो तेव्हा पहिले सहा महिने कठीण गेले. तुमची बोली मला कळत नव्हती. मुले आपसांत बोलत तेव्हा मला वाटे, माझ्याचविषयी बोलतात. (नंतर कळले, की बऱ्याचदा ते खरेच होते.) तिन्ही त्रिकाळ भात खाऊन पोट भरल्यासारखे वाटत नसे. शेजारच्या चाचींनी एकदा विचारले, "सर, तुम्ही घरी काय खाता?" मी ज्वारीची भाकरी म्हणालो. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने चिपळूणहून पाच किलो ज्वारी आणून दिली. पैसे घेतले, फुकट दिली नाही, आणि हेच मला अधिक बरे वाटले. त्यांनी माझी सोय केली. माझ्यावर उपकार केला असे त्यांनी मला वाटू दिले नाही.

तिसऱ्या वर्षी जुलैत माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. त्या आठवड्यात माझ्या कपाटात येथला राजीनामा लिहून तयार होता. कारण सांगत बसत नाही, आखातातून एका नातेवाइकाचा निरोप आला होता एवढे पुरे. फोन आला तेव्हा तिसरा तास चालू होता. मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, "निघा. तासांचे आम्ही बघतो." अर्ज कोठे आहे हे त्यांनी विचारले नाही. अर्ज मी परत आल्यावर, नऊ दिवसांनी लिहिला. पावसाने एस. टी. बंद होती. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या टेम्पोने मला घाटापर्यंत सोडले. आणि जमातीच्या खजिनदारांनी त्याच दुपारी माझ्या हातात कर्जे-हसनाचे वीस हजार रुपये ठेवले. व्याज नाही, जामीन नाही, एका वहीत सही. ते मी महिना हजाराप्रमाणे वीस महिन्यांत फेडले. त्या वीस महिन्यांत एकदाही कोणी मला रस्त्यात थांबवून त्या पैशांची आठवण केली नाही, आणि मी हप्ता चुकवला नाही. वडील वाचले, आणखी चार वर्षे जगले. राजीनामा मी फाडला नाही, तो तसाच कपाटात पडून वाळवीने खाल्ला.

आपणांस वाटेल, हा सरांच्या नशिबाचा भाग. येथे माझे म्हणणे निराळे आहे. माझ्या बाबतीत जे घडले ते योगायोगाने घडले, आणि आमच्या विज्ञानाच्या सरांच्या बाबतीत ते योगायोगानेच घडले नाही. माझे घर चाचींच्या शेजारी होते. त्यांची खोली बाजारपेठेच्या टोकाला, गोदामाच्या माडीवर होती. मी सलाम-दुवा करत सगळीकडे फिरणारा, ते अबोल. मला जमातीच्या वहीची माहिती होती. त्यांना अशी काही वही असते हेच ठाऊक नव्हते, आणि ते आपल्या समाजाचे नसल्याने तिच्यातून मिळेल का असे विचारायला ते संकोचलेही असते. जो मनमोकळा आहे त्याला मदत मिळते आणि जो लाजाळू आहे तो सुटकेस भरून निघून जातो, अशी ही सध्याची रीत आहे. ती बदलली पाहिजे.

पगाराला महत्त्व नाही असे मी म्हणतो, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. विशेषतः अध्यक्ष साहेबांनी काढू नये. मजुरी वेळेवर आणि पूर्ण द्यावी हे आपण मदरशात असताना पाठ केले आहे. ज्या संस्थेत पूर्ण रकमेवर सही घेऊन हातात कमी पैसे ठेवले जातात, तेथे चहापाणी आणि सत्कार यांनी माणूस टिकत नाही. आधी देणे ते द्यावे, मग आपुलकी. शिक्षकांचा ग्रॅच्युइटीचा हक्कच घ्या. तो कायदा १९७२ चा. पण शिक्षक 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. मग २००९ साली संसदेने दुरुस्ती करून तो हक्क ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना दिला आणि २०२२ साली न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा २०१७ च्या दुरुस्तीने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि असे अनेक जुने कायदे तिच्यात सामावले गेले. या गोष्टी आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहेत? शाळेच्या सूचनाफलकावर त्या मराठीत लिहून लावल्या तर संस्थेचा एक पैसाही खर्च होणार नाही.

येथे बसलेल्या पालकांपैकी अनेक जण स्वतः मालक आहेत. कोणाचा ट्रॉलर आहे, कोणाची बाग, कोणाचे मुंबईत छोटे वर्कशॉप. खलाशी टिकत नाहीत ही तक्रार मी प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकतो. त्यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे उचल. हंगामाआधी मोठी रक्कम द्यायची, म्हणजे माणूस बांधला गेला. मला मच्छीमारीतले फारसे कळत नाही, पण इतके कळते की उचलीने बांधलेला माणूस राहतो तो फिटेपर्यंत राहतो, आणि कधी फिटायच्या आधीच रात्रीतून पळतो. कर्ज दाखवून कोणाला कामावर अडकवून ठेवणे हा तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हाच आहे. मला कर्जे-हसना मिळाले तेही कर्जच होते, पण देणाऱ्याने ते फेडण्याची अट माझ्या नोकरीला जोडली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता तरी हप्ते घरून पाठवता आले असते. दोन्ही कर्जांतला हा फरक मालक मंडळींनी ध्यानात घ्यावा.

आपल्या बागांत नेपाळी राखणदार येतात, होड्यांवर कर्नाटकातले, आंध्रातले खलाशी येतात. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडला तर त्याला कोठे न्यायचे, त्याची कागदपत्रे कोणती, हे आपल्याला आयत्या वेळी सुचत नाही. आणि आपली स्वतःची मुले काय करतात? तीही परमुलखात जातात. आपले बापजादे जहाजांवर गेले, मुंबईच्या गिरण्यांत गेले, आखातात गेले. गिरणगावात एकेका गावाची मिळून खोली असे. वीस-पंचवीस माणसे, पाळीपाळीने झोपायची, ट्रंक ठेवण्यापुरती जागा, जेवण खानावळीच्या बाईकडे. नव्याने आलेल्या पोराला कोणी नोकरी देण्याआधी गावाने ती वळकटी पसरायला जागा दिलेली असे, म्हणून तो मुंबईत टिकला. गोव्याच्या लोकांनीही मुंबईत आपापल्या गावांचे क्लब याच कामासाठी काढले. म्हणजे ही विद्या आपल्याला येते. ती आपण आपल्या गावाबाहेर वापरली. आपल्या गावात जो परका येतो त्याच्यासाठी ती वापरायची आपल्याला सुचली नाही.

तेव्हा माझी एक सूचना आहे. ती कार्यकारी मंडळापुढे मी लेखी दिली आहे, म्हणून येथे बोलण्यास हरकत नाही. आपली संस्था या तालुक्यात तीन शाळा चालवते. शिवाय जमात आहे, माजी विद्यार्थी आहेत, छोटे-मोठे व्यावसायिक आहेत. एकट्या शाळेला मदतनीस ठेवणे परवडणार नाही, एकट्या होडीमालकालाही नाही. सर्वांनी मिळून एक माणूस ठेवावा. फार शिकलेला नको. निवृत्त झालेला एखादा हेडक्लार्क पुरे, ज्याला तहसील कचेरी, फंड ऑफिस आणि सरकारी दवाखाना यांच्या वाटा पाठ आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो शाळेच्या जुन्या ग्रंथालयात बसेल. फंडाचा अर्ज अडला, जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करायची आहे, ई-श्रम कार्ड काढायचे आहे, खोली हवी आहे, दोन वर्षांच्या मुलाला दुपारपर्यंत कोणाकडे ठेवायचे आहे, अशा कामांसाठी कोणीही यावे. शिक्षक यावा, शिपाई यावा, खलाशी यावा, आणि कोणत्या समाजाचा हे विचारले जाऊ नये. जकातीचा पैसा कोणाला चालतो आणि कोणाला नाही हा आलिमांचा प्रांत आहे, त्यात मी शिरत नाही. पण कर्जे-हसनाच्या वहीत आजवर जे पैसे गेले ते बहुतेक सर्व परत आले आहेत, हे खजिनदार साहेब आपल्याला सांगतील. त्या वहीचा एक भाग या कामासाठी ठेवावा. आणि मदतनिसाने कोण आले, कशासाठी आले, हे बाजारपेठेत बोलू नये. बोलला तर त्याच दिवशी त्याला नारळ द्यावा. फोर्डच्या तपासनिसांची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मघापासून शांत बसला आहात याचे मला आश्चर्य वाटते. तुमच्यापैकी बरेच जण उद्या नोकरीला लागतील, काही जण मालक होतील. तुम्हाला आज एकच काम सांगतो. नवे शिक्षक वर्गावर आले की पहिल्या आठवड्यात त्यांची बोली, त्यांचे चालणे, त्यांची पँट यावरून जी चेष्टा होते ती मला ठाऊक आहे, कारण ती माझी झाली आहे. चेष्टा करा, मी अडवत नाही, ती वयाची गोष्ट आहे. पण त्याच आठवड्यात त्यांना पोस्ट कोठे आहे, दूध कोणाकडे मिळते आणि लातूरची, सोलापूरची गाडी कोणत्या थांब्यावरून सुटते, हेही सांगा.

मुलीने विचारलेल्या आकृतीविषयी सांगायचे राहिले. मे महिन्यात मी ती विज्ञानाच्या दुसऱ्या शिक्षकांकडून शिकून घेतली. बहिर्गोल भिंगाच्या किरणाकृती आता मला सगळ्या काढता येतात. अंतर्गोलाची अजून चुकते.

शेवटी एक निवेदन. नवीन विज्ञान शिक्षिका येत्या सोमवारी रुजू होत आहेत. त्या नांदेडच्या आहेत. त्यांचे पती सध्या सोबत येणार नाहीत, तीन वर्षांची मुलगी बरोबर आहे. त्यांना शाळेच्या जवळ, पाण्याची सोय असलेली, खाली घरमालकाचे कुटुंब राहत असेल अशी एक खोली हवी आहे. आणि सकाळी साडेदहा ते साडेपाच त्या मुलीला सांभाळणारे एखादे घर हवे आहे, त्याचे पैसे त्या देतील. ज्यांची तयारी असेल त्यांनी मेळावा संपल्यावर जाण्यापूर्वी माझ्याकडे किंवा कार्यालयातील लिपिकांकडे आपले नाव द्यावे. मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूस उभा आहे.